तेवीस गोष्टींची शाळा

ग्रंथालयात येणारा मनुष्य पुस्तक मागावयास येतो आणि टेबलामागे बसलेला मनुष्य ते त्यास काढून देतो, अशी ग्रंथालयाविषयीची सर्वसाधारण कल्पना आहे. पुस्तक सापडले नाही तरी ते कोठे सापडेल हे टेबलामागील मनुष्यास ठाऊक असते. ग्रंथपालाच्या पेशाची सारी प्रतिष्ठा या जाणतेपणावर उभी आहे. परंतु चालू शतकाच्या आरंभी या टेबलापाशी निराळेच प्रश्न येऊ लागले. महाजालावर छायाचित्रे कशी चढवावीत, असे एखादी विद्यार्थिनी विचारू लागली. परदेशी असलेला नातू आपला ब्लॉग लिहितो, तो कोठे वाचावयास मिळेल, अशी चौकशी एखादे वृद्ध गृहस्थ करू लागले. ज्याने वीस-पंचवीस वर्षे इतरांच्या प्रश्नांची उत्तरे दिली, त्याच्यावर निरुत्तर होण्याची पाळी आली. ही पाळी केवळ गैरसोयीची नव्हती, ती अपमानास्पद वाटणारी होती. आणि तिच्यातून मार्ग कसा निघाला, याची हकीकत ग्रंथालयाबाहेरच्या माणसांनाही उद्बोधक वाटावी अशी आहे.

ग्रंथालयातील सेवकांनी नवे साधन शिकावयाचे, हा प्रकार मुळात नवा नव्हे. मेल्व्हिल ड्युई यांनी न्यूयॉर्क येथील कोलंबिया महाविद्यालयात १८८७ साली ग्रंथपालांची पहिली शाळा काढली, तेव्हा तेथील अभ्यासक्रमात हस्ताक्षरालाही स्थान होते. सूचिपत्रे हाताने लिहिली जात आणि एका ग्रंथालयात दहा लेखनिक असले तर दहा वळणे होत. वाचकास सगळी पत्रे सारख्याच सुलभतेने वाचता यावीत म्हणून उभ्या, सुट्या आणि गोलाईदार अक्षरांचे एक खास वळण ठरविण्यात आले आणि शिकाऊ ग्रंथपालांकडून ते गिरवून घेण्यात येऊ लागले. ते वळण बोटांत मुरते न मुरते तोच टंकलेखनयंत्र आले. १९०१ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने छापील सूचिपत्रे इतर ग्रंथालयांस विकावयास आरंभ केला, तेव्हा हाती लिहिण्याचे काम आणखी कमी झाले. १९६०च्या दशकात त्याच ग्रंथालयात हेन्रिएट ॲव्हरॅम या विदुषीने पुस्तकाची नोंद संगणकास वाचता येईल अशा स्वरूपात मांडण्याची पद्धत सिद्ध केली. १९६७ साली ओहायो राज्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी एकत्र येऊन संगणकाधारित सामाईक सूचीसाठी एक संस्था स्थापन केली. त्याच संस्थेने पुढे १ ऑक्टोबर २०१५ रोजी आपले अखेरचे सूचिपत्र छापले आणि एका युगाची समाप्ती झाली.

या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट समान होती. नवे साधन प्रथम ग्रंथालयात येई आणि वाचकाच्या हाती नंतर पडे. सेवकास शिकावयास अवधी मिळे आणि शिकून झाल्यावर तो वाचकापेक्षा दोन पावले पुढेच असे. २००४-०५च्या सुमारास हा क्रम उलटा झाला. महाजालावर जो तो लिहू लागला, छायाचित्रे मांडू लागला, एकमेकांच्या लेखनात भर घालू लागला. जे केवळ वाचावयाचे होते ते आता लिहावयाचेही झाले. या अवस्थेस ‘वेब टू पॉइंट झिरो’ असे नाव पडले. ही साधने ग्रंथालयाने विकत घेतलेली नव्हती. ती फुकट होती, घरोघरी होती आणि सोळा वर्षांच्या मुलास ती ग्रंथपालापेक्षा अधिक चांगली अवगत होती.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट शहर आणि मेकलेनबर्ग परगणा यांचे सार्वजनिक ग्रंथालय ही एक जुनी संस्था आहे. अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून ते १९०३ साली उघडले. शंभर वर्षांत त्याच्या शाखा परगणाभर पसरल्या आणि सेवकांची संख्या काही शेकड्यांवर गेली. या संस्थेत हेलेन ब्लोअर्स या वाचकसेवांच्या तंत्रविभागाच्या प्रमुख होत्या. इतक्या माणसांस नवी साधने शिकवावयाची कशी, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. रूढ उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. परिपत्रक काढावयाचे, बाहेरून तज्ज्ञ बोलवावयाचा, एका दालनात तीस माणसे बसवून दोन तास भाषण द्यावयाचे आणि हजेरीपटावर सह्या घ्यावयाच्या. अशा वर्गातून परतलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखेच काम करू लागतो, हा अनुभव कोणत्याही एका देशाचा नाही.

स्टीफन एब्रॅम या कॅनेडियन ग्रंथालयतज्ज्ञांचा एक लेख २००६ सालच्या आरंभी प्रसिद्ध झाला होता. चालू वर्षात करून पाहण्यासारख्या त्रेचाळीस गोष्टींची यादी त्यात होती. ही कल्पनाही मूळची त्यांची नव्हती. मनातील संकल्पांची यादी लोकांनी मांडावी यासाठी त्याच नावाचे एक संकेतस्थळ त्या काळी लोकप्रिय होते. ब्लोअर्स यांनी ही कल्पना उचलली, यादी तेवीस गोष्टींपर्यंत आटोपशीर केली आणि ऑगस्ट २००६ मध्ये आपल्या सेवकांपुढे ठेवली. नऊ आठवड्यांत वाटून दिलेल्या या तेवीस छोट्या गोष्टी ज्याने त्याने स्वतः करून पाहावयाच्या होत्या.

पहिल्या आठवड्यात तंत्राचा गंधही नव्हता. शिकत राहणाऱ्या माणसाच्या साडेसात सवयी समजावून घ्यावयाच्या, एवढेच काम होते. आपल्या शिक्षणाची जबाबदारी आपण घ्यावी, अडचणीस आव्हान समजावे, शिकलेले दुसऱ्यास शिकवावे, अशा त्या सवयी होत्या आणि उरलेली अर्धी सवय म्हणजे खेळणे. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग उघडावयाचा आणि पुढे जे जे करून पाहिले त्याचा अनुभव त्यात लिहावयाचा. त्यानंतर फ्लिकर या छायाचित्रांच्या स्थळाची ओळख, मग निवडक स्थळांवरील नव्या मजकुराची वार्ता आपोआप आपल्याकडे आणणारी साधने, मग आपल्या घरच्या पुस्तकांची सूची लायब्ररीथिंग या स्थळावर करून पाहणे, असा क्रम होता. महाजालावरील पानांना वाचकांनी आपल्या शब्दांत खुणा कशा लावाव्यात, अनेकांनी मिळून लिहावयाचे विकीचे पान कसे असते, चित्रफिती व ध्वनिफिती कशा शोधाव्यात, हे सारे टप्प्याटप्प्याने येत गेले. तेविसावी गोष्ट होती या साऱ्या प्रवासाचा गोषवारा स्वतःच्या ब्लॉगवर लिहिण्याची.

या योजनेत शिक्षक नव्हता. काय करावे हे लिहिलेले असे. ते कसे करावे हे बव्हंशी ज्याने त्याने शोधावयाचे आणि अडल्यास शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यास विचारावयाचे. त्यामुळे शाखाशाखांतून एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले असल्यास नवल नाही. ज्येष्ठ संदर्भग्रंथपालाने पुस्तके लावणाऱ्या अर्धवेळ मुलाकडे शंका विचारावी आणि त्याने ती सोडवावी, हे हुद्द्यांच्या उतरंडीस मानवणारे नसले तरी शिक्षणास अत्यंत पोषक असते. सहभाग ऐच्छिक होता. तेवीस गोष्टी मुदतीत पुऱ्या करणाऱ्यास खिशात मावेल असे संगीत ऐकण्याचे एक छोटे यंत्र बक्षीस मिळावयाचे होते आणि चिठ्ठी टाकून एकास संगणक द्यावयाचा होता. निम्म्याहून अधिक सेवकांनी यात भाग घेतला. ज्या योजनेत हजेरी घेतलीच जात नाही, तिच्या बाबतीत हे प्रमाण उपेक्षणीय नव्हे.

या यशाचे श्रेय केवळ बक्षिसास देणे योग्य होणार नाही. त्याच्या मुळाशी प्रौढ माणसाच्या मनाची जाण आहे. लहान मुलास न येणे हा त्याचा हक्कच असतो. तो चुकतो, हसतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. चाळिशी-पन्नाशीतील मनुष्याचे तसे नसते. त्याने एका क्षेत्रात नाव मिळविलेले असते आणि दुसऱ्या क्षेत्रात धडपडताना आपण इतरांस दिसू नये असे त्यास वाटते. नव्या यंत्राची भीती वाटते असे आपण म्हणतो, पण ती भीती यंत्राची फार थोडी असते. खरी भीती हसे होण्याची असते. शार्लटच्या योजनेने या भीतीवर दोन साधे उतारे दिले. टोपणनावाने ब्लॉग लिहिण्याची तिने मुभा दिली. म्हणजे ज्यास आपली धडपड झाकून ठेवावयाची असेल त्याने ती खुशाल झाकावी. आणि खेळणे ही सवयच ठरविल्यामुळे चूक ही चूक राहिली नाही. खेळात डाव हरतो, पण अब्रू जात नाही.

दुसरी गोष्ट लेखनाची. जे केले ते चार ओळींत लिहावयाचे, या अटीमुळे हात आणि मन दोन्ही कामास लागली. एखादे साधन निरुपयोगी वाटले तर तसे लिहावयासही मोकळीक होती. शिकणाऱ्यास नापसंती दर्शविण्याचा अधिकार असला म्हणजे त्याची पसंती खरी असते. शिवाय एकाने लिहिलेले दुसऱ्यास वाचता येत असल्यामुळे परगण्याच्या एका टोकाच्या शाखेतील सेवकास कळे, की दुसऱ्या टोकाच्या शाखेतही कोणीतरी याच आठवड्यात याच ठिकाणी अडखळले आहे. आपले अज्ञान एकट्याचे नाही हे कळले, की ते अर्धे सरते.

ब्लोअर्स यांनी आपली यादी कुलूपबंद ठेवली नाही. मूळ कर्त्याचा उल्लेख करून कोणीही ती घ्यावी व आपल्या गरजेप्रमाणे बदलावी, अशा मुक्त परवान्याखाली तिने महाजालावर प्रवेश केला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या यारा प्लेंटी विभागीय ग्रंथालयाने ती लवकरच उचलली. २०१० साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांतील ग्रंथपालांनी आपापल्या तेवीस गोष्टी रचल्या. २०१५ साली आयर्लंडमधील ग्रंथपालांनीही तसाच एक अभ्यासक्रम उभा केला. ‘रुदी’ या त्यांच्या भाषेतील शब्दाचा अर्थ ‘गोष्टी’ असाच आहे. एका परगण्याच्या ग्रंथालयाने आपल्या सेवकांपुरती आखलेली योजना अशी खंडांतरे करून गेली, ती तीत काही गूढ होते म्हणून नव्हे, तर ती साधी होती म्हणून.

तथापि या हकीकतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या तेवीस गोष्टींत जी साधने होती, त्यांपैकी कित्येक आज अस्तित्वात नाहीत. पानांना खुणा लावण्याचे डेलिशस हे स्थळ २०१७ साली एका प्रतिस्पर्ध्याने विकत घेतले आणि त्याचे कार्य थांबले. ब्लॉगांचा शोध घेणाऱ्या टेक्नोराटीने ते काम २०१४ साली सोडून दिले. ज्या त्रेचाळीस गोष्टींच्या स्थळावरून ही सारी कल्पना निघाली, तेही बंद पडले. मग नऊ आठवडे घालवून सेवकांनी मिळविले काय, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर हस्ताक्षराच्या इतिहासातच आहे. ते खास वळण आज कोणी गिरवीत नाही. पण सूची वाचकासाठी असते, लेखनिकाच्या सोयीसाठी नव्हे, हा ते गिरविताना बाणलेला संस्कार टंकलेखनयंत्रावर आणि संगणकावरही कायम राहिला. साधन जुने होते; ते शिकताना जी निर्भयता येते ती जुनी होत नाही. ज्याने एकदा बावीस अनोळखी दारे स्वतः उघडून पाहिली, तो तेविसाव्या दारापाशी थबकत नाही, मग त्या दारावरील पाटी कोणतीही असो.

आणखी एक कटू सत्यही नजरेआड करून चालणार नाही. २००८ नंतरच्या मंदीत त्या परगण्याची तिजोरी आटली आणि २०१० साली याच ग्रंथालयाच्या काही शाखांना टाळे लागले व अनेक सेवकांस नोकरी गमवावी लागली. नवी विद्या शिकलेल्यांचे संरक्षण ती विद्या करू शकली नाही. सेवकांनी शिकावे हे त्यांचे कर्तव्य खरे. पण शिकलेल्या सेवकांचे ग्रंथालय चालू ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि एकाने आपले कर्तव्य केले म्हणून दुसऱ्याचे आपोआप पार पडत नाही.

मराठी माणसास या विषयाचे नाते दूरचे वाटावयाचे कारण नाही. अमेरिकेचा ग्रंथालयविचार आणि सेवकांचे शिक्षण यांचा मेळ भारतात प्रथम घातला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. १९०६ साली महाराजांनी अमेरिकेचा प्रवास केला. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांनी त्यांचे मन वेधले. सक्तीच्या शिक्षणाने साक्षर झालेल्या प्रजेस पुढे वाचावयास काही दिले नाही तर ती पुन्हा निरक्षर होईल, हे त्यांनी ओळखले होते. १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले. बोर्डन यांनी केवळ ग्रंथालय मांडले नाही. सेवकांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पेटी पाठविणे सोपे असते. ती उघडणारा माणूस घडविणे अवघड असते, आणि महाराजांनी हे अवघड कार्य आधी हाती घेतले.

पुढे १९३१ साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील अखेरच्या सूत्रात त्यांनी ग्रंथालयास वाढत्या सजीवाची उपमा दिली आहे. ही वाढ केवळ कपाटांची समजण्याचा मोह अनेकांस होतो. पण सजीवात वाढते ते सर्वांगाने वाढते. कपाटे वाढली आणि सेवकाचे ज्ञान तेवढेच राहिले, तर त्यास वाढ न म्हणता सूज म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये आज दहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतील ‘ड’ वर्गाच्या छोट्या ग्रंथालयात बहुधा एकच माणूस असतो. कुलूप उघडणे, केर काढणे, वर्तमानपत्रे लावणे, पुस्तकांची देवघेव करणे आणि वार्षिक अहवाल लिहिणे ही सारी कामे तोच करतो, आणि त्याचे मानधन सांगावयास संकोच वाटावा इतके असते. अशा माणसास नव्या साधनांचे शिक्षण घ्या असे सांगताना बोलणाऱ्याने आपल्या शब्दांचे वजन ओळखले पाहिजे. तरीही शार्लटची पद्धत त्याच्या उपयोगी पडण्याजोगी आहे, कारण तिला दालन लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही आणि प्रवासभत्ताही लागत नाही. तिला लागतो आठवड्यातील थोडा मोकळा वेळ. मात्र तो वेळ कामाचा म्हणून गणला गेला पाहिजे, घरचा म्हणून नव्हे.

मराठी ग्रंथालयांच्या तेवीस गोष्टी अमेरिकेच्या यादीहून निराळ्या असतील हे उघड आहे. पहिली गोष्ट बहुधा युनिकोड पद्धतीने देवनागरी टंकन करण्याची असेल; कारण जुन्या टंकांत केलेली पुस्तकसूची संगणकावर दिसते, पण दुसऱ्या संगणकावरून शोधता येत नाही, आणि जी शोधता येत नाही ती सूची नव्हे. दुसरी गोष्ट भारताच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात आपल्या वाचकाचे पुस्तक शोधण्याची असेल. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आपल्या गावाविषयी, गावातील जुन्या वास्तूविषयी आधारांसह एक लेख लिहिणे ही तिसरी असू शकेल. ते आधार ज्या कपाटात आहेत त्याची किल्ली ग्रंथपालाजवळच असते. म्हणून असा लेख लिहिण्यास त्याच्याइतका अधिकारी पुरुष गावात दुसरा नसतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव अशा ठिकाणी राहून मराठी पुस्तक जपणाऱ्यांस तर या साधनांचे मोल अधिकच आहे. आपल्या संग्रहात काय आहे हे दूरच्या वाचकास कळविण्याचा दुसरा स्वस्त मार्ग त्यांस उपलब्ध नाही.

यादीतील गोष्टी बदलतील. आजची यादी दहा वर्षांनी पुन्हा नव्याने करावी लागेल. आता तर प्रश्नांची उत्तरे स्वतः रचून देणारी यंत्रे आली आहेत आणि त्यांची उत्तरे खरी कोणती व खोटी कोणती, हे पारखून देण्याची अपेक्षा वाचक ग्रंथपालाकडूनच करू लागेल. तेव्हाही कोणीतरी टेबलापाशी येईल आणि टेबलामागील माणसास ठाऊक नसलेले काही विचारील. त्या क्षणी त्याने मान खाली घालून पुस्तके लावण्याचे निमित्त करू नये, किंवा हे आमचे काम नव्हे असेही म्हणू नये. खुर्ची थोडी बाजूस सरकवून, वाचकासही पडदा दिसेल अशा रीतीने, आपण दोघे मिळून पाहू या, एवढेच म्हणावे. साडेसात सवयींतील ती उरलेली अर्धी सवय ज्यास साधली, त्यास हे वाक्य जड जात नाही. आणि ज्या ग्रंथालयात ते ऐकू येते, तेथे वाचक पुन्हा येतो.